भिंतीवरचे राजवाडे: भायखळ्यापासून शनिवारवाड्याच्या गणेश महालापर्यंत

भायखळ्याचे मसीना रुग्णालय ज्या जुन्या प्रासादात थाटले गेले, त्या प्रासादाचे नाव एके काळी 'सां सूसी' असे होते. बगदाद सोडून मुंबईस आलेला व्यापारी डेव्हिड ससून याचे ते घर. नाव मात्र उसने होते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४५ ते १७४७ या काळात पॉट्सडॅम येथे बांधलेल्या ग्रीष्मकालीन राजवाड्याचे ते नाव. त्या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'निश्चिंत'. अफू आणि कापूस यांच्या चढउतारात आयुष्य घालवलेल्या माणसाने घरास निश्चिंत म्हणावे, यातील गंमत तूर्त बाजूला ठेवू.

दुसऱ्याचा राजवाडा आपल्या घरात आणण्याचे मार्ग फार नाहीत. एक, त्याचे नाव दारावर लावणे. दुसरा पुष्कळ स्वस्त आणि म्हणून पुष्कळ लोकप्रिय: त्याचे छापलेले चित्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगणे. व्हर्साय, आग्रा, उदयपूर, ग्वाल्हेर, मदुराई यांच्या राजवाड्यांची कोरीव छापचित्रे गेली दोनशे वर्षे जगभरच्या दिवाणखान्यांत टांगली जात आहेत. भायखळ्याच्या उंच छतांच्या जुन्या घरांना ती शोभतात, आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतील सदनिकाही सजावटकार त्यांनीच सजवतात. भायखळ्याहून दक्षिणेस चालत गेले की चोरबाजाराचा मटण स्ट्रीट लागतो. तिथे पितळी दिवे, ग्रामोफोन, चिनी मातीची भांडी यांच्या गर्दीत अशा तसबिरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात.

या धाग्याचा विषय त्या तसबिरी आहेत, आणि त्यांतही एक. मराठी इतिहासातील एका राजवाड्याचे अंतरंग पाहण्याचा जवळजवळ एकच मार्ग आज उरला आहे, आणि तो मार्ग एका छापचित्रातून जातो.

आधी भायखळ्याचे थोडे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भाग भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या सखल जमिनीचा होता. वरळीची खाडी बांध घालून अडवल्यावर येथील जमीन वापरात आली. १७९३ साली मेजर जनरल बेलासिस याने सुरतेकडून आलेल्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून रस्ता बांधून घेतला, तोच बेलासिस रोड. त्यानंतर किल्ल्यातील दाटीला कंटाळलेले कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी माझगाव-भायखळ्याकडे बंगले बांधू लागले. १८३३ साली भायखळा क्लब निघाला आणि घोड्यांच्या शर्यतीही येथेच होऊ लागल्या. मोठ्या भिंती, त्यांवर टांगण्यासारखे काहीतरी हवे असलेली माणसे आणि लंडनहून येणारी जहाजे, हे सारे येथे एकत्र आले.

हवा मात्र कागदाच्या मुळावर उठलेली. पावसाळ्याचे चार महिने भिंत ओल धरते, काचेच्या आत दमटपणा कोंडतो, कागदावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि चौकटीच्या मागच्या फळीतून वाळवी शिरते. जी चित्रे विल्टशर किंवा यॉर्कशरच्या कोरड्या खोलीत दोनशे वर्षे टिकली, त्यांच्याच मुंबईतील प्रतींची दोन-तीन पिढ्यांत चाळण झाली. मुंबईच्या बाजारात आज जे जुने राजवाडे मिळतात, त्यांपैकी पुष्कळ विलायतेतून नंतर आलेले असतात, यात नवल नाही.

येथे गिरगाव-लालबागच्या चाळींचा उल्लेख करावाच लागेल, कारण मुंबईच्या मराठी भिंतीवर राजवाडे क्वचितच होते. तिथे देव होते. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून शिळाछापाची चित्रे काढली, मुंबईत १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त यांच्या तसबिरी घरोघरी गेल्या. चित्रशाळेने देवांच्या जोडीला इतिहासपुरुषही छापले. राजवाड्याची वास्तू, माणसांविना नुसते दालन किंवा सज्जा, हा मात्र मराठी घराचा विषय नव्हता. ती आवड बंगल्यांची, आणि तिचा उगम इंग्लंडात.

त्या आवडीमागे दोन चित्रकार होते. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ साली कलकत्त्यास उतरले आणि पुढील सात वर्षे हिंदुस्थानभर रेखाटने करत फिरले. इंग्लंडात परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' या नावाने १४४ चित्रे प्रसिद्ध केली. मदुराईच्या नायक राजवाड्याचे अवशेष, रोहतासगडावरील महाल, अलाहाबादच्या किल्ल्यातील चाळीस खांबांचे 'चालीस सातून' हे दालन, असे कितीतरी राजवाडे त्यांत आहेत. यांतले चालीस सातून आज अस्तित्वात नाही. डॅनियलांचा कागद उरला, इमारत गेली.

या चित्रांचा विलायतेवर झालेला परिणाम विलक्षण आहे. अल्सासमधील झुबेर कारखान्याने १८०७ मध्ये त्यांवरून 'हिंदुस्थान' नावाचा भिंतीवर चिकटवायचा चित्रमय कागद काढला. स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी ती निळ्या रंगात ताटल्यांवर उतरवली. ग्लॉस्टरशरमध्ये कॉकरेल बंधूंनी सेझिनकोट हे मोगली घुमटाचे घर उभारले, त्यासाठी टॉमस डॅनियलचा सल्ला घेतला. इंग्लंडच्या युवराजाने ते घर पाहिले, आणि १८१५ पासून ब्रायटनचा त्याचा समुद्रकाठचा राजवाडा घुमट-मिनारांनी नटू लागला. त्या राजवाड्याचीही पुढे छापचित्रे निघाली आणि तीही चौकटीत गेली. हिंदुस्थानी राजवाड्याच्या चित्रावरून बेतलेल्या इंग्रजी राजवाड्याचे चित्र भायखळ्याच्या एखाद्या बंगल्यात लागले असते, तर त्या घरच्या माणसास ते ओळखीचे वाटले असते की परके, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता पुण्याकडे वळू.

शनिवारवाड्याच्या आत काय होते, हे पाहायचे असेल तर आज पुण्यास जाऊन फारसा उपयोग होत नाही. दिल्ली दरवाजा आहे, तट आणि बुरूज आहेत, नगारखाना आहे. आत शिरले की जोती, हिरवळ, कारंज्याचे हौद. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झालेल्या, सोळा हजारांवर रुपये खर्चून बाजीरावाने बांधलेल्या आणि पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेलेल्या या वाड्याचे अंतरंग लाकडाचे होते. खांब, तुळया, कमानी, छत, सज्जे, सगळे लाकडी. लहानमोठ्या आगी आधीही लागल्या. राज्य गेल्यावर इंग्रजांनी तिथे तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ ठेवले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी मोठी आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. छायाचित्रणाचा शोध सार्वजनिक होण्यास तेव्हा अजून अकरा वर्षे होती. म्हणजे या वाड्याच्या आतले एकही छायाचित्र असणे शक्य नाही.

आहे ते एक चित्र. त्यात गणेश महालातील दरबार दिसतो. नक्षीदार लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी कमानी, गादीवर बसलेला तरुण पेशवा सवाई माधवराव, नाना फडणवीस, इंग्रज वकील चार्ल्स वॉर मॅलेट, आणि दोन्ही बाजूंना सरदार, मुत्सद्दी, कारभारी यांची दाटी. प्रसंग टिपूविरुद्धच्या तहाचा. जून १७९० मध्ये पुण्यात कंपनी आणि पेशवे यांच्यात हा तह ठरला, निजामही त्या आघाडीत आला, आणि तहाची मान्यता मिळालेली प्रत दरबारात सुपूर्त करण्यात आली. पेशवा तेव्हा सोळा वर्षांचा होता.

मूळ तैलचित्र टॉमस डॅनियलने रंगवले आणि १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. दोन वर्षांनी, १८०७ मध्ये, चार्ल्स टर्नर या कारागिराने ते मेझोटिंट पद्धतीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवले. तैलचित्र एकच. ते मॅलेटच्या कुटुंबाकडे राहिले, आणि ते पाहण्याची संधी किती जणांना मिळाली असेल? पेशव्यांचा दरबार घराघरांत गेला तो टर्नरच्या छापांमुळे.

मेझोटिंट म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नेहमीच्या कोरीवकामात कारागीर टोकदार हत्याराने पत्र्यावर रेषा खोदतो. रेषेत शाई बसते आणि कागदावर रेषा उमटते. मेझोटिंटमध्ये उलट घडते. दातेरी हत्यार झुलवत झुलवत सगळा पत्रा आधी खरबरीत करतात. अशा पत्र्यास शाई लावून छाप घेतला तर संपूर्ण काळा कागद निघतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरबरीतपणा खरवडून आणि घासून गुळगुळीत करतात. कारागीर अंधारातून उजेड काढत जातो. आतल्या दालनाचे, खांबांमागच्या सावलीचे, मखमलीचे आणि चेहऱ्याचे चित्रण यात अतिशय सुंदर होते. दोष एवढाच की पत्रा लवकर झिजतो. पहिले थोडे छाप दाट आणि मऊ निघतात, नंतरच्यांत सावल्या फिक्या पडत जातात. टर्नरच्या चित्राचा एखादा छाप करडा आणि मलूल दिसला, तर तो उशिराचा असण्याची शक्यता मोठी. याच टर्नरने त्याच १८०७ साली आडनावबंधू असलेल्या विख्यात निसर्गचित्रकार टर्नरच्या 'लिबर स्टुडिओरम' या मालिकेचे पत्रे कोरण्यास आरंभ केला, म्हणजे पुण्याचा दरबार त्या काळच्या उत्तम हातांतून गेला आहे.

आता अडचणीचा भाग. शनिवारवाड्याचे अंतरंग आपल्याला दाखवणाऱ्या या दोघांनी, डॅनियल आणि टर्नर यांनी, शनिवारवाडा पाहिलेला नव्हता. टर्नर हिंदुस्थानात आलाच नाही. डॅनियल काका-पुतणे मायदेशी परतताना १७९३ मध्ये मुंबईस थांबले. घारापुरी, कान्हेरी, कार्ले त्यांनी पाहिले. पुण्यास ते गेले नाहीत. मग हे खांब कोणी पाहिले?

जेम्स वेल्स याने. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. मुंबईची बारा दृश्ये त्याने रेखाटली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. माझगावच्या टेकडीवरील बेलमाँट या घरावरून दिसणारे बंदर त्यांत आहे. भायखळ्याच्या शेजारची ती टेकडी तेव्हा झाडीने भरलेली होती. १७९२ मध्ये मॅलेटने वेल्सला पुण्यास नेले. तिथे त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगवली. नानांचा जो कृश, गंभीर चेहरा मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे असतो, त्याच्या मुळाशी वेल्सचा कुंचला आहे. दरबारचित्राची कामगिरीही त्याच्याकडेच होती, आणि त्यासाठीची रेखाटने त्याने केली. पण १७९५ च्या नोव्हेंबरात, कान्हेरीच्या लेण्यांत काम करताना जडलेल्या आजाराने, तो वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडून मरण पावला होता. चित्रकार आणि चित्रातला पेशवा एकाच ऋतूत गेले. रेखाटने मॅलेटबरोबर इंग्लंडास गेली, आणि तिथे डॅनियलच्या हाती आली. पुढे वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटचा विवाह झाला.

येथे आणखी एक व्यक्ती आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. हा पुण्याचा चित्रकार मॅलेटसाठी काम करत असे. वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, आखाड्यातले मल्ल अशी त्याची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पेशव्याच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली होती, वेल्स तिथे शिकवत असे, आणि गंगाराम त्या वर्तुळातला होता. आडनावावरून वंशपरंपरेने तांबटकाम करणाऱ्या घरातला हा माणूस यथार्थदर्शनाचे युरोपीय तंत्र पुण्यातच शिकत होता, त्याच सुमारास लंडनचे कारागीर तांब्याच्या पत्र्यांवर हिंदुस्थान कोरत होते. छापचित्राच्या तळाशी प्रथेप्रमाणे दोन नावे असतात: डावीकडे मूळ चित्र काढणारा, उजवीकडे पत्रा कोरणारा. जागेवर बसून रेखाटणाऱ्या, तिथली माणसे ओळखून देणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी त्या प्रथेत जागाच ठेवलेली नाही.

मग या दरबारावर विश्वास किती ठेवावा? सगळे एका मापाने मोजता येत नाही. चेहऱ्यांवर बराच, कारण ती वेल्सने समोर बसवून केलेल्या अभ्यासांची फलिते आहेत. खांब आणि कमानींवरही पुष्कळ, कारण पडताळणी शक्य आहे. सुरूच्या झाडासारखे तळाशी फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे लाकडी खांब, त्यांच्यावरची पानाफुलांची कोरणी, महिरपी, हे सारे पुण्याचा विश्रामबागवाडा, नानावाडा आणि वाईजवळ मेणवलीचा नानांचा वाडा येथे आजही पाहता येते. पण दालनाची खोली, छताची उंची, माणसांची मांडणी यांबाबत जपून राहावे. डॅनियलला लंडनच्या प्रदर्शनात झळकणारे भव्य ऐतिहासिक चित्र करायचे होते, आणि त्या प्रकाराला स्वतःचे नाट्य लागते. एकाच क्षणी इतकी माणसे इतक्या सोयीस्कर रीतीने वळून बसलेली प्रत्यक्ष दरबारात क्वचितच दिसतील.

काळाचीही एक गल्लत या चित्राच्या शीर्षकात आहे. मॅलेटला तिथे 'सर' म्हटले जाते. त्याला ती पदवी १७९१ मध्ये मिळाली, म्हणजे दरबार झाला तेव्हा तो नुसता मिस्टर मॅलेट होता. गल्लत क्षुल्लक आहे, पण हे चित्र कोणाच्या गौरवासाठी आणि किती नंतर घडले, हे तिच्यावरून कळते. १७९० मध्ये कंपनीला पेशव्यांच्या फौजेची गरज होती आणि तिचा वकील पुण्याच्या दरबारात त्या दरबाराच्या रीतीने बसत होता. छाप विक्रीस आला १८०७ मध्ये. तोवर दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला होता आणि कंपनीच्या फौजेने त्याला पुन्हा गादीवर बसवले होते. लंडनमध्ये हा छाप विकत घेणाऱ्यास त्यात बरोबरीच्या दोन सत्ता दिसल्या असतील, की पुढच्या विजयाची पहिली पायरी? इंग्लंडातील दिवाणखान्यात टांगलेल्या प्रतीला हा प्रश्न बहुधा पडला नाही. पुण्यातल्या प्रतीला पडायला हवा.

रायगडाशी तुलना केली तर या एका कागदाचे मोल अधिक स्पष्ट होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. त्याने पाहिले ते लिहून ठेवले, आणि ते लिखाण अमूल्य आहे. पण सोबत चित्रकार नव्हता. मे १८१८ च्या तोफमाऱ्यात रायगडावरचा राजवाडा जळाला. तिथल्या दालनाचे खांब कसे होते, छत कसे होते, हे आज रेखाटायचे झाल्यास जोत्यांची मापे आणि कल्पना यांवरच भिस्त ठेवावी लागते. गणेश महालाबाबत निदान वाद घालण्यासाठी एक चित्र हाती आहे.

भायखळ्यातच छापचित्राची परीक्षा घेण्याची एक उत्तम सोय आहे, आणि ती बऱ्याच मुंबईकरांच्या लक्षात येत नाही. राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूस एक दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले, तोच हा. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली, पुढे तुकडे मुंबईस आणले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते पुन्हा जोडण्यात आले. अठराव्या शतकातील प्रवाशांनी काढलेल्या चित्रांत तो अखंड आहे. ती चित्रे आणि हा हत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्या काळच्या रेखाटनकाराची नजर कुठे नेमकी होती आणि कुठे सैल, हे समजते. शनिवारवाड्याबाबत अशी संधी आगीने हिरावून घेतली.

ते संग्रहालयही या कथेत अगदीच उपरे नाही. १८६२ मध्ये त्याची कोनशिला बसली, १८७२ मध्ये ते लोकांस खुले झाले. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी त्यासाठी खटपट केली. १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजींचे नाव मिळाले. जुनी मुंबई दाखवणारे नकाशे आणि शिळाछाप चित्रे तिथे आहेत, आणि २००३ ते २००८ या काळातील जीर्णोद्धारानंतर ती नीट पाहता येतात. कागदाला किती उजेड द्यावा आणि किती झाकून ठेवावे, हे घरात जुनी तसबीर लावणाऱ्याने तिथे जाऊन पाहावे. ऊन येणाऱ्या खिडकीसमोरची भिंत सजावटकारास प्रिय असते. रंगीत छापचित्राचे निळे आणि गुलाबी रंग तिथे काही वर्षांत उडतात.

आता बाजाराकडे. मटण स्ट्रीटवर किंवा इतरत्र 'जुना राजवाडा' म्हणून जे विकले जाते, त्यात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी एकाच काचेमागे असतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेने कागद किंचित दबलेला असतो. बोट फिरवले तर कळते. मात्र चौकटीत बसवताना कडा कापून टाकलेल्या असल्या तर ही खूणही जाते. पोलादी पत्र्याची रेषा फार बारीक आणि चंदेरी करडी. लाकडी ठशाची चित्रे मजकुराबरोबरच छापली जात, त्यामुळे पाठीमागे लेख असतो. मोठा ठसा लाकडाचे लहान तुकडे जोडून करत. कधी कधी त्या सांध्यांची पांढरी रेघ आकाशातून सरळ खाली आलेली दिसते. आणि भिंगाखाली एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते जुने छापचित्र नव्हेच. अलीकडे छापखान्यात काढलेली ती नक्कल, चहाच्या पाण्यात बुडवून वृद्ध केलेली असली तरी. नक्कल लावण्यात गैर काहीच नाही. शनिवारवाड्याचा दरबार ज्यांच्या घरी आहे, त्यांपैकी बहुतेकांकडे नक्कलच असणार, आणि ती तितकीच बोलकी आहे.

खरा प्रश्न अस्सल कागदाचा आहे. बाजारातील बहुतेक अस्सल राजवाडे मुळात सुटे छापलेलेच नव्हते. ती पुस्तकांची आणि नियतकालिकांची पाने आहेत. उदाहरण लुई रूस्लेचे घेऊ. हा फ्रेंच प्रवासी १८६४ साली मुंबईस उतरला आणि बडोद्यास खंडेराव गायकवाडांचा पाहुणा झाला; ग्वाल्हेर, उदयपूर, दतिया, ओरछा असा पुढे फिरला. त्याचा ग्रंथ १८७५ मध्ये पॅरिसला निघाला. तीनशेहून अधिक लाकडी ठशांची चित्रे त्यात आहेत, त्यांतली कितीतरी त्याने स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेली. मराठी वाचकास त्याचे विशेष महत्त्व आहे, कारण गायकवाड आणि शिंदे यांच्या दरबारांचे सविस्तर वर्णन चित्रांच्या आगेमागेच येते. अखंड ग्रंथाला एक गिऱ्हाईक मिळते. पाने कापून, हाताने रंगवून, माउंट लावून विकली तर शंभर गिऱ्हाइके मिळतात. हिशेब सोपा आहे आणि त्यापुढे ग्रंथ टिकत नाही.

पान कापले जाते तेव्हा चित्र वाचते, त्याच्याशी जोडलेला मजकूर जातो. कोणत्या दालनात, कोणत्या महिन्यात, कोणत्या समारंभास ही माणसे जमली होती, छायाचित्र होते की आठवणीतून काढलेले रेखाटन, हे सारे मागल्या-पुढल्या पानांवर राहते. भिंतीवर येतो तो कोणताही राजवाडा: कमानी, हत्ती, नौबत, सोनेरी चौकट. बडोद्याचा दरबार मग 'हिंदुस्थानी राजवाडा' होऊन सोफ्याच्या रंगाशी जुळतो.

याच्या उलट उदाहरण साताऱ्याचे आहे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जमवली, तशीच विलायती चित्रकारांनी काढलेली मराठी माणसांची आणि ठिकाणांची चित्रेही जमवली. १९२१ मध्ये त्यांचे जुन्या पुण्यावरील इंग्रजी पुस्तक मुंबईहून निघाले, आणि पेशवाईतील पुणे चित्रांसह वाचकांसमोर आले. पारसनीसांच्या लेखी चित्र म्हणजे दप्तरातला कागदच होता. कोणी काढले, कोणासाठी, कुठून मिळाले, हे त्याच्यासोबत राहिले पाहिजे. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात इमारत उभी राहिली. १९२६ मध्ये ते गेले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

घरी राजवाडा टांगणाऱ्यास एवढे सगळे करण्याची गरज नाही. चौकट बदलताना मात्र एक गोष्ट सहज करता येते. कारागीर जुनी चौकट उघडतो तेव्हा चित्राखालची छापील ओळ, डावी-उजवीकडची नावे, प्रकाशकाचा पत्ता आणि साल हा भाग माउंटखाली झाकला किंवा कापला जाणार असतो, कारण तो नसला की चित्र अधिक नीटस दिसते. तो तसाच दिसू द्यावा असे त्याला आधी सांगावे. मागच्या फळीवर पूर्वीच्या दुकानाची चिठ्ठी किंवा कोणाच्या हातचा मजकूर असेल, तर तो नव्या फळीवर चिकटवून घ्यावा. विकत घेतल्याचे ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी; शाईने नको, ती दमट हवेत कागदाच्या आरपार उतरते.